चौकटीबाहेरच्या चपला

पडद्यावर माझा फोटो होता आणि हॉलमधली माणसे मला ओळखण्याचा खेळ खेळत होती.

सिंगापुरातल्या एका कॉन्डोचा, म्हणजे खासगी गृहसंकुलाचा, फंक्शन हॉल. बाहेर पोहण्याचा निळा तलाव. आत एसी इतका की बायकांनी पदर खांद्याभोवती लपेटून घेतले होते. पडद्यावर काळ्यापांढऱ्या फोटोत मुलांची रांग. डोकी भादरलेली. पाय अनवाणी. प्रत्येकाच्या छातीशी घडी घातलेले एकेक घोंगडे. माझ्या मुलाचा साहेब कौस्तुभ माइक घेऊन उभा होता. त्याच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका त्या चेहऱ्यांवरून फिरत होता.

"ओळखा पाहू! यातला एक जण आज आपल्यात बसलाय. बरोबर ओळखेल त्याला चॉकलेटचा डबा!"

मुले पुढे धावली. मोठ्यांनीही माना उंचावल्या.

"तो! मोठ्या कानांचा!"

"नाही, त्याच्या बाजूचा! बघ ना कसा रडका आहे!"

ठिपका एका कपाळावरून दुसऱ्या कपाळावर गेला. एक मुलगा पडद्याला नाक लावून ओरडला, "सो पुअर लाह! नो शूज!" त्याच्या आईने त्याला ओढून घेतले. रागावली, पण हसत. "असं नाही म्हणायचं बाळा. आता ते किती छान आहेत."

शेवटी ठिपका माझ्या कपाळावर येऊन थांबला. पडद्यावरच्या. कौस्तुभने तो तिथेच गोल गोल फिरवला, बाजारात जनावराच्या वशिंडावर हात फिरवावा तसा.

"आणि हे आपल्या मिलिंदचे बाबा! काका, जरा उभे राहा ना. सगळ्यांना दिसू दे, कुठून कुठे आलात ते."

टाळ्या.

मी उभा राहिलो नाही. माझ्या शेजारी माझी नात प्रज्ञा बसली होती. तिने माझी बाही घट्ट पकडली होती. हा फोटो मी तिला दिला होता. तिच्या शाळेसाठी. या हॉलसाठी नव्हे.

जे घडले ते त्या क्रमाने मांडतो. मी विक्रीकर विभागातून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गांना बसून कायद्याची पदवी घेतली. कागद न वाचता सही केली नाही आणि वाचलेला कागद विसरलो नाही. आयुष्यभर पत्रे लिहिली: वृत्तपत्रांना, आयुक्तांना, सचिवांना. घरातले लोक हसत. हसोत.

पत्नी गेली तेव्हा मिलिंदने मला सिंगापूरला आणले. ते दोन हजार दहानंतर. तो एका कंपनीत सॉफ्टवेअरचा मॅनेजर. बुकित बातोकला आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तो, सून अश्विनी, प्रज्ञा आणि मी. त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे कामाचा परवाना, कंपनीवर अवलंबून, बायकोमुलीचे पास त्याच्यावर अवलंबून, माझा पासही त्याच्यावरच. एक कडी निखळली की सगळी साखळी विमानतळावर. हे वाक्य माझे नाही, मिलिंदचे आहे. ते तो मला पुन्हा पुन्हा ऐकवत असे.

प्रज्ञाच्या शाळेत आजी-आजोबांवर प्रकल्प होता. ती म्हणाली, "आजोबा, युअर स्कूल टाइम हॅव फोटो ऑर नॉट?" माझ्याकडे एकच होता. दिला. मिलिंदने तो स्कॅन केला. मग ऑफिसच्या जेवणाच्या सुटीत कौस्तुभला मोबाइलवर दाखवला; त्याने तो मागून घेतला. का दाखवला, हे मी त्याला नंतर विचारले. तो म्हणाला, "अभिमानाने." मी ते खरे मानतो. बाप कुठून आला हे साहेबाला सांगावे असे त्याला वाटले. साहेबाला त्यात दुसरेच काही दिसले.

आता त्या फोटोविषयी.

आमचे वसतिगृह शासनाच्या अनुदानावर चालत असे. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली आम्ही पोरे. गावात आम्हाला पाणी वरून ओतत, वसतिगृहात हौदातून स्वतःच्या हाताने घेता येई. जेवण साधे. पातळ आमटी, ज्वारीची भाकर, कधी भात. पण भाकर मागावी लागत नसे. घंटा झाली की ताट घेऊन बसायचे. वर्षातून एकदा कपडे आणि एकदा चपला मिळत. टायरच्या तळाच्या, जाड, जड. माझ्या वडिलांच्या पायात कधी चपला नव्हत्या. आमच्या आळीतल्या माणसाने गावातून चपला घालून जाणे हा त्या काळी गुन्हा धरला जाई. मला मिळाल्या त्या रात्री मी त्या उशाला घेऊन झोपलो.

एका हिवाळ्यात तालुक्याचा एक मोठा व्यापारी घोंगडी वाटायला आला. सोबत फोटोग्राफर. आम्हाला मैदानात उभे केले. फोटोग्राफरने काळ्या फडक्यात डोके घातले, बाहेर काढले आणि म्हणाला, "शेठ, पोरं तर बरी दिसतायत."

शेठ आमच्या पायांकडे बघून अधीक्षकांना म्हणाला, "गुरुजी, या चपलांत फोटो काय शोभणार? दान कुणाला केलं ते लोकांना कळायला नको?"

अधीक्षकांनी क्षणभर जमिनीकडे पाहिले. मग आम्हाला म्हणाले, "चपला काढा रे."

काढल्या. एका बाजूला ढीग केला. मैदानभर सराटे होते. आम्ही सराट्यांवर उभे राहिलो, घोंगडी छातीशी धरून. मी रडका दिसतो तो त्यामुळे. गरिबीने नव्हे, काट्याने.

घोंगडे उबदार होते. ते नाकारत नाही. पण फोटोग्राफरची एक चूक झाली. मूळ फोटोच्या डाव्या कोपऱ्यात चपलांचा तो ढीग आला आहे. नीट पाहिले तर दिसतो. म्हणूनच तो फोटो मी इतकी वर्षे जपला. माझ्या दृष्टीने तो पुरावा आहे.

हॉलमधल्या त्या जेवणाच्या तीन आठवडे आधी कौस्तुभ आमच्या घरी आला. हातात मिठाईचा डबा. पाया पडला. चाळिशीतला, पुण्याचा, गोड बोलणारा माणूस. सोफ्यावर ऐसपैस बसून त्याने योजना सांगितली. पुण्याजवळ गरीब मुलांसाठी वसतिगृह. त्यासाठी एक न्यास. इथल्या मित्रांची भारतात घरे आहेत, त्यांची भाडी येतात, शेअर आहेत. त्या उत्पन्नावर तिथे कर भरावा लागतो. न्यासाला देणगी दिली की करात सूट.

"आणि काका, तुम्ही अध्यक्ष!"

"मी कशाला?"

"फक्त नावाला हो. काम सगळं माझा सीए बघेल. पण तुमचं आडनाव, तुमची गोष्ट... लेटरहेडवर आमच्यासारखी नावं आली की लोकांना शंका येते. तुमचं आलं की विषयच संपला!"

तो हे लाजून बोलला नाही. कौतुकाने बोलला. माझे आडनाव. ज्या आडनावामुळे मला खोली नाकारली गेली, कचेरीत पाण्याचा वेगळा ग्लास ठेवला गेला, तेच आता उपयोगी वस्तू झाले होते. बाजारात त्याला भाव आला होता.

मी विचारले, "इमारत कुणाची?"

"आमचीच. आईच्या नावावर आहे, पडूनच आहे. न्यास भाडं देईल."

"भाडं ठरवणार कोण?"

"आम्हीच की."

"मुलं किती?"

"सुरुवातीला आठ-दहा. फोटोपुरती तरी लागतीलच ना!" तो स्वतःच मोठ्याने हसला. मिलिंदही हसला. त्याचे हसणे मला दिसले. डोळ्यांपर्यंत पोहोचले नव्हते.

मी म्हणालो, "म्हणजे देणगी तुम्ही देणार, सूट तुम्ही घेणार आणि भाडं तुमच्याच घरात येणार."

"काका, तुम्ही फारच सरकारी आहात हां! अहो, सरकारला पैसे दिले की ते कुठे जातात ते तुम्हाला काय सांगायचं? त्यापेक्षा आपण थेट गरिबाला देऊ. मी तर भारतात ठरलेल्या दिवसांहून एक दिवस जास्त राहत नाही. मागच्या वेळी डेंगी झाला होता, अंगात ताप, पण मोजलेले दिवस संपत आले म्हटल्यावर तसाच विमानात बसलो. रेसिडेंट झालो असतो तर सगळ्यावर टॅक्स!"

मी त्याला सांगितले की माझ्या वसतिगृहाला कुलूप लागले आहे. सिंगापूरला येण्यापूर्वी मी तिथे गेलो होतो. हौद कोरडा. खोल्यांत कबुतरे. माहितीच्या अधिकारात मी विचारणा केली. एका ओळीचे उत्तर आले: निधी उपलब्ध नाही.

कौस्तुभने मांडीवर थाप मारली. "तेच तर म्हणतोय मी! सरकारला जमतच नाही! म्हणून आपण करायचं!"

मी थक्क झालो. ज्याने पाट फोडून पाणी आपल्या शेताकडे वळवले, तोच खालच्या कोरड्या रानाकडे बोट दाखवत होता. आणि त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचे भले करणाऱ्याचे समाधान होते. खोटे नव्हते ते. हेच भयंकर होते.

तो गेल्यावर मी मिलिंदला सांगितले की मी सही करणार नाही.

"बाबा, माझ्या पासचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलंय. टीम लहान करायची चाललीय. कोण राहणार, कोण जाणार, हे तोच ठरवणार."

"म्हणून मी खोटा अध्यक्ष व्हायचं?"

"खोटं काय त्यात? सगळे करतात. एक सही आहे ती."

"सही नाही ती. साक्ष आहे."

"इथे कोर्ट नाहीये, बाबा!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "प्रज्ञाची शाळा आहे इथे. तुमची औषधं आहेत. आपण कुठे जाणार?"

  मी इतकेच कबूल केले की न्यासासाठी कौस्तुभने ठेवलेल्या जेवणाला येईन, सत्कार घेईन, पहिल्या रांगेत बसेन, तोंड उघडणार नाही. सहीचा विषय नंतर. ही तडजोड होती. मुलासाठी केली.

मी रोज सकाळी फिरायला जात असे. आमच्या ब्लॉकची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते. खाली दवाखाना, पलीकडे वाचनालय, त्यापुढे एमआरटीचे, म्हणजे मेट्रोचे, स्टेशन. ही घरे कुणा शेठने वाटलेली नाहीत. सरकारने बांधली. कुणाच्याही दारात दात्याची पाटी नाही. कौस्तुभ म्हणायचा, इथे टॅक्स कमी म्हणून देश पुढे गेला. मी त्या लिफ्टमध्ये उभा राहून विचार करी की ही लिफ्ट कुणाच्या दयेवर वर जाते? पण मी आंधळा नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊगल्लीत, माझ्याहून म्हाताऱ्या बायका वाकून उष्टे ट्रे उचलताना मी पाहत होतो. लॉरीच्या मागच्या उघड्या भागात दाटीने बसून तुआसच्या कारखान्यांकडे निघालेली आपल्या देशातली मजूर माणसे पाहत होतो. त्यांची घरे इथे नाहीत, ही लिफ्ट त्यांच्यासाठी नाही. श्रीमंत देशातही रांगेचे शेवटचे टोक असते. ते कुठे जाते हे बघायला कुणी मागे वळत नाही, इतकेच.

तर ते जेवण. तो खेळ. त्या टाळ्या.

मी उठलो नाही म्हणून कौस्तुभ म्हणाला, "काका लाजतायत!" पुन्हा हशा. त्याची बायको शाल आणि नारळ घेऊन आली. सत्कार म्हणून सांगितले होते तो हाच. शाल खांद्यावर पडली. नारळ हातात आला. आणि नारळापाठोपाठ एक छोटे टेबल पुढे सरकले. त्यावर कागद. त्यावर पेन. कॅमेरावाला गुडघ्यावर बसला.

"आपल्या न्यासाचे पहिले अध्यक्ष!" कौस्तुभने घोषणा केली. "काका, स्वीकृतीची एक सही. फोटोसाठी."

मी मिलिंदकडे पाहिले. तो मोबाइलमध्ये बघत होता. मोबाइलचा पडदा बंद होता.

मग मी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिले. आणि तेव्हा मला दिसले. फोटोची डावी बाजू कापलेली होती. रांग होती, घोंगडी होती, माझे काट्याने वाकडे झालेले तोंड होते. चपलांचा ढीग नव्हता. काटेकोर कापला होता, ढिगाच्या कडेपर्यंत.

त्या क्षणी माझ्या डोक्यात जे स्वच्छ झाले ते साठ वर्षांत झाले नव्हते. त्या चपला मला कुणी दिल्या? मला माहीत नाही. कुणी साखर विकत घेतली असेल, कुणी काडेपेटी, कुणी गिरणीत मजुरी केली असेल, कुणी गिरणी चालवली असेल. त्यांनी कर भरला. त्यांच्यापैकी कुणीही मला रांगेत उभे केले नाही. त्यांना माझा चेहरा माहीत नव्हता, मला त्यांचा. मला त्यांच्यापुढे वाकावे लागले नाही. म्हणून मी त्या चपला घालून गावातून ताठ चाललो. घोंगडे देणाऱ्याने मात्र आधी माझ्या चपला काढल्या. त्याला माझे गारठलेले अंग झाकायचे होते आणि माझे उघडे पायही हवे होते. दोन्ही एकाच फोटोत. कर भरणाऱ्याला माझा फोटो लावता येत नाही. दात्याला लावता येतो. कर चुकवून दान देण्याची ही जी हौस आहे, तिचे रहस्य एवढेच आहे.

मी उभा राहिलो. टाळ्या सुरू झाल्या. मी नारळ टेबलावर ठेवला. शाल काढली. टाळ्या थांबल्या.

"फोटो पूर्ण लावा," मी म्हणालो.

"काय काका?"

"डावी बाजू कापली आहे. पूर्ण लावा."

"अहो, स्क्रीनमध्ये बसत नव्हता..."

"तिथे आमच्या चपला आहेत. सरकारने दिलेल्या. लोकांच्या करातून. त्या दिवशी फोटोसाठी आम्हाला काढायला लावल्या. आज तुम्ही त्या दुसऱ्यांदा काढल्यात. मी सही करणार नाही."

 मला वाटले, आता बोलावेच. मी देणगीदारांकडे वळलो.

"या न्यासाचं भाडं संस्थापकाच्या आईला जाणार आहे. भाडं तेच ठरवणार आहेत. घरच्या माणसाला अवाजवी लाभ देणाऱ्या न्यासाला करसवलत मिळत नाही, असा कायदा आहे. हे तुम्हाला ठाऊक असावं."

मी थांबलो. खळबळ होईल अशी माझी अपेक्षा होती. कुणी उठेल. कुणी कौस्तुभला जाब विचारेल.

दुसऱ्या रांगेतून, पासिर रिसहून आलेला एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, "माहीत आहे काका."

"काय?"

"त्यात काय लपवायचंय? सीएने सगळं नियमात बसवलंय. आम्ही सगळेच आहोत त्यात."

काही माना हलल्या. कुणाची मान खाली गेली नाही. मी समजत होतो की मी त्यांच्यापुढे सत्य उघड करतो आहे. ते सत्य जेवणाच्या मेन्यूइतके सर्वांना ठाऊक होते. मी आयुष्यभर कागदांतून जे शोधत आलो ते इथे उघड्यावर मांडून ठेवले होते आणि त्याची कुणाला लाज नव्हती.

कौस्तुभ रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर मला बरे वाटले असते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाला, "काका जरा भावुक झालेत. आठवणी आहेत, साहजिक आहे. चला, जेवण गरम आहे!" आणि माइक बाजूला धरून मला म्हणाला, "आधी दोन घास खाऊन घ्या. शुगर खाली गेली असेल."

रांग लागली. हातात ताटे. मसालेभात, जिलबी, पनीर. पडद्यावर तो फोटो तसाच राहिला. त्याच्या उजेडात लोक जेवले.

आम्ही जेवलो नाही. एमआरटीत मिलिंद दाराशी उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. बुकित बातोकला उतरेपर्यंत वळला नाही. घरी आल्यावर अश्विनीने सर्वांसाठी खिचडी टाकली. ती फार बोलत नाही. कुकरला शिट्टी लावून म्हणाली, "मामंजी, तुम्ही बरोबर होतात. पण आता मी काय करू ते सांगा." 

मिलिंद एकदाच बोलला. "तुम्हाला सांगून काय मिळालं? कुणाला फरक पडला? एकाला तरी?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी सही केली नाही."

"तुमची सही राहिली, बाबा. माझी नोकरी जाईल."

गेली. कुणी सुडाने काढले असे मी म्हणणार नाही, कारण मला ते सिद्ध करता येणार नाही. टीम लहान झाली. लहान करताना जे गेले त्यांत मिलिंद होता. कौस्तुभने त्याला निरोपाचे जेवण दिले. हॉटेलात. छान बोलला म्हणे. "बाबांना नमस्कार सांग."

प्रज्ञाला शाळा सोडावी लागणार हे तिला आम्ही रविवारी सांगितले. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "सो डॅडी नो मोर जॉब... बिकॉज ऑफ स्लिपर्स, इझ इट?"

मी म्हणालो, "हो."

"देन आजोबा, यू विन ऑर यू लूज?"

"हरलो."

तिने मान डोलावली. तिला खोटे सांगितले असते तर तिने ओळखले असते. मग ती आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले.

मी पत्रे लिहिली. धर्मादाय आयुक्तांना, प्राप्तिकर विभागाला, समाजकल्याण खात्याला. प्रत्येक पत्रात कलम, परिच्छेद, तारीख. पोच आल्या. उत्तर एकाचेच आले: सदर प्रकरणी नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल. या वाक्यावर मी स्वतः आयुष्यभर सह्या केल्या आहेत. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

दरम्यान न्यासाची नोंदणी झाली. अध्यक्ष मिळाला. आमच्याच समाजातला एक निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, मला सगळं कळतं. पण दहा पोरं तर शिकतील. सरकार येणार आहे का त्यांना शिकवायला?"  माझ्या वसतिगृहाचे कुलूप डोळ्यांपुढे आले. त्यांना मी दोष देत नाही. ज्याच्या दारापर्यंत हक्क पोहोचत नाही तो दानाच्या रांगेत उभा राहतो. हीच तर व्यवस्था आहे. आधी हक्काचे पाणी तोडायचे, मग पाणपोई घालायची आणि पाणपोईवर नाव लिहायचे.

त्या न्यासाच्या पत्रकावर तोच फोटो छापला आहे. कापलेला. मिलिंदच्या व्हॉट्सॲपवर आला. खाली मजकूर: 'यांच्या पायांत चपला नव्हत्या. तुमच्या एका देणगीने येतील.'

मी ते वाक्य उभ्याने वाचले. 

मला आशा नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण वाचणाऱ्याने शेवटी काहीतरी गोड निघेल अशी वाट पाहू नये. कायदा त्यांच्या सीएच्या टेबलावर आहे. माणसे त्यांच्या जेवणाला आहेत. माझा मुलगा माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतो. सामानाची खोकी दारात लागली आहेत. पुढच्या आठवड्यात आम्ही परत जाऊ, तो कुठल्या नोकरीवर जाईल ते ठरलेले नाही आणि त्याला कारण मी आहे. हे ओझे मी कुणाच्या डोक्यावर ठेवणार नाही. माझेच आहे.

पण आज सकाळी मी दोन कामे केली.

पहिले: न्यासाला नोटीस पाठवली. तो फोटो माझा आहे. माझ्या संमतीशिवाय आणि खोट्या मजकुरासह वापरला आहे. काढा, अन्यथा मी न्यायालयात जाईन. मी जाईन. वकील मीच, पक्षकार मीच, साक्षीदार मीच. पुराव्यात मूळ फोटो जोडीन, डाव्या कोपऱ्यासह. तारखा पडतील. पडोत. मी प्रत्येक तारखेला हजर राहीन, पायांत चपला घालून. हरलो तर अपील करीन.

दुसरे: इच्छापत्र लिहिले. मी मेल्यावर माझ्या नावाने कुणी दान देऊ नये. माझ्या स्मरणार्थ वह्या, खाऊ, घोंगडी वाटू नयेत. माझ्या निवृत्तिवेतनावरचा कर मी आजवर पूर्ण भरला आहे आणि ते असेल तोवर भरेन. एकाही सवलतीचा अर्ज करणार नाही. त्या कराचा हिशेब मी सरकारकडे मागत राहीन, माझ्या वसतिगृहाच्या कुलपाची किल्ली हातात येईपर्यंत, किंवा हात थंड होईपर्यंत.

आणि माझा चेहरा यापुढे कुणालाही मिळणार नाही.